औषध १२ तासांचं, दुखणं ३ दिवसांचं

रात्री अडीचला वॉर्डातून फोन आला. "मॅडम, सकाळचे मनगटाच्या प्लेटिंगचे दादा हात धरून बसलेत. घामाने भिजलेत."

हेच दादा संध्याकाळी सातला खुशीत होते. हाडाला धातूची प्लेट बसवून ऑपरेशन झालेला डावा हात उजव्या हाताने उचलून पोटावर ठेवत मला म्हणाले होते, "मॅडम, ह्यो हात माझाच हाय का हो? कुणीतरी आणून ठिवल्यागत वाटतंय." रात्री मी पोचले तेव्हा सिस्टरना उशाखाली दोन गोळ्या सापडल्या होत्या. नऊ वाजता दिलेल्या, तशाच. का घेतल्या नाहीत, विचारलं. "दुखतच न्हवतं, मग गोळी कशाला खायाची?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. दुखत नसताना दुखण्याची गोळी घ्यायची, हे कुणालाही उलटंच वाटेल. चूक माझी होती. त्यांच्या हाताच्या नसांभोवती सकाळी साडेअकराला मीच औषध सोडलं होतं. ते केव्हा उतरणार आणि उतरताना काय होणार, हे मी त्यांना ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, बाहेर नेताना एका वाक्यात सांगितलं होतं, तेही त्यांच्या डोळ्यांवर झोप असताना.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन संपल्यावरही दुखू नये म्हणून आम्ही जी लांब पल्ल्याची बधिर करणारी औषधं वापरतो, ती नेमकी काय करतात आणि काय करत नाहीत, हे पेशंटला आणि घरच्यांना आधीच नीट माहीत असायला हवं. त्यासाठी हा लेख.

भूल म्हटलं की लोकांना झोपच आठवते. इथे मी त्या भुलीबद्दल बोलत नाही. दाढ काढताना हिरडीत देतात ते इंजेक्शन आठवा. ओठ जाड वाटतो, चूळ भरताना पाणी कडेने गळतं, पण आपण पूर्ण जागे असतो. ते औषध लिग्नोकेन, दवाखान्यातल्या भाषेत झायलोकेन. ते दोन-पाच मिनिटांत काम सुरू करतं आणि तास-दोन तासांत उतरतं. टाके घालायला, गळू कापायला ते पुरतं. ऑपरेशननंतरच्या दुखण्याला मात्र ते पुरत नाही, कारण ते दुखणं ऑपरेशन संपल्यावरच खरं सुरू होतं. तिथे त्याचं सावकाश चालणारं, पण चिवट भावंड लागतं. त्याचं नाव ब्युपिव्हाकेन.

बधिर करणाऱ्या औषधांचा इतिहास १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकले तिथून सुरू होतो. लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं. ब्युपिव्हाकेनही स्वीडनचंच. १९५७ मध्ये बो आफ एकेनस्टाम या रसायनशास्त्रज्ञाने ते जिथे बनवलं, ती प्रयोगशाळा बोफोर्सची होती. आपल्या पिढीला ते नाव तोफांमुळे ठाऊक आहे. मला मात्र ते नाव ऐकलं की औषधांच्या ट्रॉलीतली २० मिलीची काचेची बाटली डोळ्यांपुढे येते. आज हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते नसलेली ओटी मी तरी पाहिलेली नाही.

आता ते काम कसं करतं ते बघू. कापलेल्या जागेची खबर मेंदूपर्यंत नेते ती नस. खो-खोचा डाव डोळ्यांपुढे आणा. एक गडी दुसऱ्याला खो देतो, दुसरा उठून तिसऱ्याला. नसेतून खबर अशीच जाते. नसेच्या कातडीवर जागोजागी सोडियमसाठी बारीक दारं असतात. एका ठिकाणची दारं उघडली, सोडियम आत घुसला, की पुढच्या ठिकाणच्या दारांना खो मिळतो. बोटापासून मेंदूपर्यंत असे हजारो खो डोळ्याचं पातं लवायच्या आत पार पडतात.

बधिर करणारं औषध नसेच्या कातडीतून आत शिरतं आणि या दारांना आतून कडी लावतं. गडी जागेवर बसलेला आहे, पण खो मिळूनही उठत नाही. जाड नसांमध्ये खबर एखाददुसऱ्या बंद गड्याला ओलांडून पुढे उडी मारू शकते. लागोपाठ तीन ठिकाणं बंद झाली की मात्र डाव थांबतो. म्हणून औषध नसेला नुसतं टेकून भागत नाही, नसेची थोडी लांबी त्यात भिजावी लागते. जखम तशीच असते, तिथली सूज तशीच असते. फक्त खबर वर पोचत नाही.

आतून कडी लावायची म्हणजे आधी आत जायला हवं, आणि इथेच एक रोजचा अनुभव उलगडतो. दाढेखाली पू झालेला असला की कितीही इंजेक्शन द्या, नीट बधिर होत नाही. पुवाच्या जागी आम्लता वाढलेली असते. अशा ठिकाणी औषधाच्या बहुतेक कणांवर विद्युतभार चढतो आणि भार चढलेला कण नसेच्या तेलकट कातडीतून आत जाऊ शकत नाही. औषध बाहेरच ताटकळतं. मग "मला भूल चढतच नाही" असं पेशंट म्हणतो, पण दोष त्याच्या अंगाचा नसतो.

ब्युपिव्हाकेन जास्त टिकतं, कारण त्याच्या रेणूला कार्बनची चार मण्यांची शेपटी आहे. त्या शेपटीमुळे ते तेलात जास्त विरघळतं, नसेत खोल मुरतं आणि प्रथिनांना घट्ट चिकटून राहतं. रोपिव्हाकेन नावाच्या भावंडाला तीन मण्यांची शेपटी आहे. तेही टिकतं, पण थोडं सौम्यपणे.

किती टिकतं, याचं उत्तर मात्र औषधापेक्षा जागेवर ठरतं. लोक इथे हमखास गोंधळतात. सिझेरियनला कमरेत सुई देतात ना, त्यात बहुतेक वेळा हेच ब्युपिव्हाकेन असतं. त्यात साखर घालून ते जड केलेलं असतं, म्हणून ओटीत आम्ही त्याला नुसतं 'हेवी' म्हणतो. तिथे १० मिलिग्रॅमच्या आसपास औषधात छातीखालचं सगळं अंग बधिर होतं, पण दोन-तीन तासांत पाय हलायला लागतात. टाक्यांच्या कडेने कातडीत आणि स्नायूत सोडलं, तर तेच औषध साधारण चार ते आठ तास टिकतं. हाताच्या किंवा पायाच्या मोठ्या नसांभोवती सोडलं, तर १२ तास, कधी १८, क्वचित २४ सुद्धा. कमरेतली ती सुई जिथे जाते, त्या मणक्याच्या पाण्यात नसांची मुळं जवळजवळ उघडी असतात, त्यामुळे थोडं औषध पुरतं आणि लवकर सुटतंही. मोठ्या नसांना जाड वेष्टन असतं. औषध भरपूर द्यावं लागतं, मुरायला वीस मिनिटं लागतात आणि निघायलाही तसाच वेळ लागतो. आजूबाजूला रक्तपुरवठा जास्त असेल तर औषध वाहून लवकर जातं. बरगड्यांच्या मधली जागा त्याबाबतीत सगळ्यात उतावळी.

मोठ्या नसांभोवती औषध सोडण्याला आम्ही 'ब्लॉक' म्हणतो. त्या दादांचा ब्लॉक गळपट्टीच्या हाडाच्या वर दिला होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिथे एक काळा गोल धडधडताना दिसतो. ती हाताकडे जाणारी धमनी. तिला लागून द्राक्षांचा लहानसा घड असावा तशा नसा दिसतात. खाली एक पांढरी चकचकीत रेघ, तिच्या पलीकडे फुप्फुस. सुई कडेने आत येते, रुपेरी रेषेसारखी. ती घडाजवळ पोचली की मी थांबते आणि सिस्टरला म्हणते, "ओढून बघा." सिस्टर सिरिंजचा दट्ट्या मागे ओढतात. "रक्त नाही, मॅडम." मग तीन-चार मिली औषध सोडायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा ओढून बघायचं. औषध पडद्यावर काळं दिसतं. तो काळा डोह द्राक्षांच्या मधून पसरत जातो आणि घड अलगद सुटा होतो. इतकी वर्षं झाली, तरी ते दृश्य बघताना मला दर वेळी बरं वाटतं.

पंधरा-वीस मिनिटांनी बर्फ लावून बघितलं की पेशंट सांगतो, काहीतरी लागतंय पण गार नाही. गारवा आणि कळ वाहून नेणाऱ्या बारीक नसा आधी झोपतात, मग स्पर्शाच्या, मग हालचालीच्या. म्हणून ऑपरेशन चालू असताना ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवू शकतं. त्याने घाबरून जायचं कारण नाही. उतरताना बहुधा उलटं होतं. आधी बोटं हलायला लागतात, मग मुंग्या येतात आणि कळ सगळ्यात शेवटी जागी होते. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हे सगळं करायचंच कशाला, असं विचारणारे अजून भेटतात. "ऑपरेशन झालंय, दुखणारच!" हे वाक्य वॉर्डात पेशंटला जितक्या सहज ऐकवलं जातं, तितका मला राग येतो. दुखणं हा सोशिकपणाचा प्रश्न नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. गुडघा बदलल्यावर दुखतं म्हणून पाय वाकवत नाही, मग तो गुडघा आखडून बसतो. दुखतं म्हणून अंथरुणात पडून राहिलं, तर पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. बाळंतिणीला कुशीवर वळून बाळाला घेता येत नाही.

शिवाय आपल्याकडची अडचण वेगळी आहे. अमेरिकेत ऑपरेशननंतर अफूच्या वर्गातल्या गोळ्या सढळ हाताने दिल्या गेल्या आणि त्यातून व्यसनाचं मोठं संकट उभं राहिलं. आपल्याकडे प्रश्न उलटा होता आणि आहे. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे मॉर्फिन ठेवणंच अनेक लहान रुग्णालयांनी सोडून दिलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी सोपी झाली, तरी तालुक्याच्या ठिकाणी आजही मॉर्फिन सहज मिळत नाही. तिथे २० मिली ब्युपिव्हाकेन नीट जागी सोडता येणं ही चैन नव्हे. हातातल्या साधनांतला तोच सगळ्यात भरवशाचा उपाय असतो.

यातला सगळ्यात साधा प्रकार तर भूलतज्ज्ञाचाही नाही. हर्निया, अपेंडिक्स किंवा दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर सर्जन स्वतःच टाके घालताना कडेने औषध सोडू शकतात. दोन मिनिटांचं काम. पहिली संध्याकाळ सुसह्य होते. ऑपरेशनआधी सर्जनना सरळ विचारा, "टाक्यांच्या जागी बधिर करायचं औषध सोडणार का?" हा प्रश्न विचारण्यात आगाऊपणा काही नाही.

सिझेरियननंतर पोटाच्या भिंतीच्या थरांमध्ये दोन्ही बाजूंनी औषध सोडतात, त्याला टॅप ब्लॉक म्हणतात. त्याने टाक्यांची आग आणि ओढ कमी होते. पण गर्भाशय आवळताना येणाऱ्या कळा वेगळ्या नसांतून जातात, त्या राहतात. हे आधी सांगितलं नाही तर बाई म्हणतात, "इंजेक्शनचा काही उपयोग झाला नाही." बाळाला पाजण्यात या औषधाची अडचण येत नाही, कारण दुधात उतरतं ते अगदीच नगण्य.

गुडघ्याच्या सांधेरोपणाला मांडीच्या आतल्या बाजूला ब्लॉक देतात. तिथे कळ नेणाऱ्या नसा झोपतात आणि मांडीचा जोर बराचसा शाबूत राहतो. त्यामुळे पेशंटला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करता येतं. पूर्वी जांघेत ब्लॉक देत असू. दुखायचं नाही, पण पाय लुळा पडायचा आणि उठायला गेलेलं माणूस कोसळायचं. खांद्याच्या ऑपरेशनला मानेत ब्लॉक देतात. तिथून छातीच्या पडद्याची नस जवळून जाते, तीही बहुधा झोपते. निरोगी माणसाला जरा दमल्यासारखं वाटतं इतकंच. पण दमेकऱ्याला किंवा फुप्फुसं आधीच खराब असलेल्याला ते झेपणार नाही. म्हणून भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतात, तेव्हा जिना चढताना धाप लागते का, याचं खरं उत्तर द्या.

आता धोक्याबद्दल. ते लपवून लेख लिहिणं मला जमणार नाही.

ही औषधं नसेची दारं बंद करतात, पण तशीच दारं हृदयातही आहेत आणि मेंदूतही. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा प्रमाणाबाहेर झालं, तर ती दारंही बंद होतात. लिग्नोकेन हृदयाच्या दारातून दोन ठोक्यांच्या मधे निघून जातं. ब्युपिव्हाकेन निघत नाही, ते दार धरून बसतं. १९७९ मध्ये अमेरिकेतले भूलतज्ज्ञ जॉर्ज ऑल्ब्राइट यांनी लिहून इशारा दिला की या औषधाने हृदय अचानक बंद पडतं आणि पुन्हा सुरू करणं फार अवघड जातं. त्यानंतर १९८० च्या दशकात ०.७५ टक्के तीव्रतेचं औषध बाळंतपणाच्या कामातून मागे घेतलं गेलं. हळूहळू थोडं-थोडं देण्याची, प्रत्येक वेळी ओढून बघण्याची शिस्त त्या मृत्यूंनी शिकवली.

हेच ध्यानात घेऊन रोपिव्हाकेन १९९६ मध्ये वापरात आलं. ब्युपिव्हाकेनचा रेणू दोन रूपांत असतो, डाव्या-उजव्या चपलेसारखा. दिसायला सारखा, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. उजवा हृदयाला जास्त त्रास देतो. रोपिव्हाकेन आणि लेव्होब्युपिव्हाकेन या औषधांत फक्त डावा ठेवला आहे. म्हणजे धोका संपला असं नाही, पण कमी नक्की झाला.

या विषावरच्या उताऱ्याची गोष्ट मला फार आवडते. गाय वाइनबर्ग हे अमेरिकन भूलतज्ज्ञ उंदरांवर प्रयोग करत होते. शिरेतून तेलाचं दूध, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब मिसळलेलं पांढरं द्रव, दिलं तर ब्युपिव्हाकेनचं विष आणखी चढेल, अशी त्यांची अटकळ होती. झालं उलटंच. त्या उंदरांना मारायला कितीतरी जास्त औषध लागलं. हे १९९८ मध्ये छापून आलं. २००६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका पेशंटचं हृदय खांद्याच्या ब्लॉकनंतर बंद पडलं. वीस मिनिटं छाती दाबूनही ते सुरू होईना. तेव्हा डॉक्टरांनी तेच तेलाचं दूध दिलं आणि ठोके परतले. हे दूध नवं नव्हतं. ज्यांना तोंडाने खाता येत नाही, त्यांना शिरेतून ताकद म्हणून देतात तेच ते, सोयाबीनच्या तेलाचं. आपल्या लातूर-वाशीमच्या रानात पिकतं त्या सोयाबीनच्या तेलाने बंद पडलेलं हृदय सुरू होतं! तेलात विरघळणारं औषध रक्तातल्या तेलाच्या थेंबांत शिरतं आणि हृदयापासून दूर ओढलं जातं, ही त्यामागची मुख्य कल्पना. ब्लॉक देतात तिथे ही २० टक्क्यांची बाटली हाताशी हवी. मी ती नजरेने पाहिल्याशिवाय सुई हातात घेत नाही.

प्रमाणाचा हिशेब साधा आहे, म्हणून इथे मांडते. ब्युपिव्हाकेन साधारण दर किलोमागे २ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. बाई ५० किलोच्या असतील तर १०० मिलिग्रॅम झाले. ०.५ टक्के म्हणजे एका मिलीत ५ मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलीची एक बाटली संपली की हद्द आली. टॅप ब्लॉकला दोन्ही बाजूंना मिळून ४० मिली लागतं, म्हणून मी ते सलाइन घालून ०.२५ टक्के करते. आकारमान दुप्पट, औषध तेवढंच. आणि सर्जननी टाक्यांत जे सोडलं ते याच हिशेबात धरायचं. दोघांनी आपापल्या परीने थोडं-थोडं दिलं आणि बेरीज कुणीच केली नाही, तिथे घात होतो. पेशंटने करायची गोष्ट एकच. इंजेक्शन चालू असताना ओठांभोवती मुंग्या आल्या, तोंडात धातूची चव आली, कानात गुंई झालं, तर गप्प बसू नका, लगेच सांगा. मी त्यासाठीच तुमच्याशी गप्पा मारत असते.

ॲलर्जीची भीती मात्र फार मोठी करून ठेवलेली आहे. दाढेच्या इंजेक्शनने छाती धडधडली, ती बहुतेक वेळा त्यात मिसळलेल्या ॲड्रिनलिनमुळे. या वर्गाच्या औषधांची खरी ॲलर्जी दुर्मीळ आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आठवणीने सांगा. काही ब्लॉक त्यात देता येत नाहीत.

आता त्या रात्रीकडे परत येते. जखमेची सूज आणि ठणका पहिले दोन-तीन दिवस जोरात असतो. औषध टिकतं १२ ते १८ तास. सकाळी ऑपरेशन झालं की ते उतरतं नेमकं मध्यरात्री, वॉर्डात शांतता असताना. ब्लॉक नसलेल्या पेशंटचं दुखणं संध्याकाळपासून हळूहळू वाढत आलेलं असतं, गोळ्या-इंजेक्शनं पोटात गेलेली असतात. ब्लॉकवाल्याला मात्र शून्यावरून एकदम ठणका. हाडाच्या ऑपरेशनात हे जास्त होतं. सुटका झाली असं वाटत असताना हा घाव बसतो, म्हणून सोसायला जास्त जड.

यावर उपाय औषधात शोधणाऱ्यांनी पुष्कळ खटपट केली आहे. ब्लॉकसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तर तो काही तास लांबतो, मी बऱ्याचदा देते. मधुमेह असेल तर विचार करून, कारण साखर चढते. मोठ्या ऑपरेशनला नसेजवळ बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस थेंब-थेंब औषध सोडता येतं. नळीवर लक्ष ठेवायला माणूस हवा, ती सरकता कामा नये, म्हणून ते सगळीकडे जमत नाही.

अमेरिकेत २०११ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने एक वेगळंच रूप मंजूर केलं. डाळिंब कल्पून बघा. वर एक साल आणि आत शेकडो कप्पे. तशा, डोळ्यांना न दिसणाऱ्या चरबीच्या गोळ्यांत ब्युपिव्हाकेन भरलेलं असतं. कप्पे एकेक फुटत जातात आणि औषध ३ दिवसांपर्यंत झिरपत राहतं, असा दावा. कल्पना सुंदर आहे, आणि मला ती मनापासून पटली होती. पण मंजुरीसाठीच्या मुख्य चाचण्यांत तुलना होती ती मिठाच्या पाण्याशी. बधिर करणारं औषध मिठाच्या पाण्यापेक्षा बरं ठरणारच. खरा प्रश्न होता, साध्या ब्युपिव्हाकेनपेक्षा किती बरं? २०२१ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात या प्रश्नावरचे अभ्यास एकत्र तपासून लेख आले. निष्कर्ष असा की पेशंटला जाणवेल इतका फरक दिसत नाही. औषध बनवणाऱ्या पॅसिरा कंपनीने संघटनेवर आणि लेखकांवर बदनामीचा दावा लावला. २०२२ मध्ये कोर्टाने तो फेटाळला, २०२३ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. शास्त्रातले निष्कर्ष चुकीचे वाटले तर ते शास्त्रात खोडावेत, हा त्या निकालाचा सूर मला योग्य वाटतो.

म्हणजे आज तरी त्या १२ तासांनंतरची दरी गोळ्यांनीच भरायची आहे. आणि वेळेवर. पॅरासिटामॉल ठरलेल्या तासांनी, दुखो न दुखो. मूत्रपिंड आणि पोट ठीक असेल तर डॉक्टरांनी लिहिलेली सूज उतरवणारी गोळीही. तोंडाने घेतलेल्या गोळीला लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून ठणका सुरू झाल्यावर घेतलेली गोळी त्या पहिल्या तासाला कामाची नसते. बोटं हलायला लागली किंवा मुंग्या आल्या, की ठरलेल्या वेळेची वाट न बघता सिस्टरला हाक मारा आणि पुढची गोळी आता घेता येईल का, ते विचारा.

त्या दादांना आम्ही शिरेतून औषधं दिली. साडेचारला त्यांचा डोळा लागला. तेव्हापासून मी प्लास्टरवर मार्करने लिहिते: "ब्लॉक ११.३०. गोळी ६ वाजता, न दुखता." ते वाचता येणारं माणूस कोण आहे, तेही विचारते आणि त्याच्या देखत पुन्हा सांगते. दीड वर्षाने प्लेट काढायला ते परत आले. टेबलावर आडवे होता होता त्यांनीच विचारलं, "मॅडम, ह्येची भूल किती वाजता सुटंल?" त्यांच्या मुलाने बाहेर मोबाइलवर दोन गजर लावून ठेवले होते.

बधिर हात-पाय सांभाळणं हेही घरच्यांचं काम. त्या हाताला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळणार नाही. चहाचा कप त्या हातात देऊ नका. हात झोळीत ठेवा, झोपेत अंगाखाली येऊ देऊ नका. पायाचा ब्लॉक असेल तर संडासला जातानाही कुणीतरी सोबत हवं, पेशंट "मी जातो की" म्हणाला तरी.

आणि काही वेळा थांबायचं नसतं. २४ तास उलटूनही हात-पाय तसाच बधिर आहे, एकदा परतलेली ताकद पुन्हा गेली, बोटं निळी-गार पडली, गोळ्या घेऊनही प्लास्टरच्या आत ठणका वाढतच चाललाय, श्वास घ्यायला जड जातंय, सुईच्या जागी सूज आणि ताप आहे, यातलं काहीही झालं तर भूलतज्ज्ञाला किंवा सर्जनना फोन करा. रात्रीचे अडीच वाजलेले असले तरी करा.